येत्या आठवड्याचे हवामान: वळीव पडेल, पण तो पेरणीचा पाऊस नव्हे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून येणाऱ्या प्रश्नांचा रोख एकच असतो: पाऊस केव्हा येणार आणि पेरायचे केव्हा? सकाळपासून कडक ऊन, दुपारनंतर ढगांची दाटी, सायंकाळी सोसाट्याचा वारा, विजांचा कडकडाट आणि एखाद्या शिवारात वळवाची सर, असे या दिवसांतले सर्वसाधारण चित्र असते; येत्या आठवड्याची तयारीही ते धरूनच करावी. रोजचे आकडे मात्र मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या अंदाजात आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होणाऱ्या कृषी हवामान सल्ला पत्रिकेत पाहावेत.

मोबाइलवर ४६ अंश दिसतात आणि बातम्यांत ४१ सांगतात. खरे काय? (वाचक, गंगाखेड)

हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. हवामान केंद्रातील तापमान झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून ठरावीक उंचीवर मोजले जाते. मोबाइल पुष्कळदा आर्द्रता जमेस धरून शरीराला जाणवणारी उष्णता दाखवतो. उष्णतेची लाट ठरते ती पहिल्या आकड्यावरून. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असावे लागते, अथवा ते थेट ४५ अंशांवर पोहोचावे लागते.

पंचांगात यंदा रोहिणीचे वाहन चांगला पाऊस सांगते. त्यावर विसंबावे का? (वाचक, मानवत)

नाही. रोहिणी नक्षत्र सूर्याच्या स्थितीवरून दरवर्षी २५ मेच्या सुमारासच लागते. पाऊस तारीख पाळत नाही.

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटले होते, आमच्याकडे थेंबही पडला नाही. असा अंदाज काय कामाचा? (वाचक, अंबड)

‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. म्हणजे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कोरडा राहील, हे त्या अंदाजातच सांगितलेले होते. ‘काही ठिकाणी’ म्हटले तर २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हटले तर ५१ ते ७५ टक्के. आपल्या गावात पडला नाही म्हणून अंदाज चुकला असे होत नाही. हे शब्द बातमीत पोहोचेपर्यंत ‘मराठवाड्यात पाऊस कोसळणार’ असे का होऊन बसतात, हा प्रश्न बातमी देणाऱ्यांना विचारावा.

केरळात मॉन्सून पोहोचला, आता आठवडाभरात आपल्याकडे, असे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. परवा आमच्याकडे जोराचा वळीवही झाला. कृषी सेवा केंद्राचे मालक म्हणतात, आताच बियाणे घ्या, नंतर मिळणार नाही. सोयाबीन पेरून टाकावे का? (वाचक, औसा)

पेरू नये. हाच प्रश्न गावाचे नाव बदलून दररोज येत असल्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

केरळातील आगमन जाहीर करताना तेथील आणि लगतच्या ठरावीक १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला का, हे पाहतात आणि त्याला समुद्रावरील वाऱ्यांच्या व ढगांच्या निकषांची जोड देतात. या सगळ्यात औशाच्या शिवाराविषयी एक अक्षरही नसते. २०२५ मध्ये मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, आणि त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल अडखळली. २०२३ मध्ये तो केरळातच ८ जूनला आला, अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ होते, आणि महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत वाट पाहावी लागली. एका वर्षी लवकर आणि दुसऱ्या वर्षी उशिरा आलेल्या मॉन्सूनने मधला खंड दोन्ही वेळा दिलाच.

आता परवाच्या वळवाविषयी. तापलेल्या जमिनीवरून उसळलेल्या हवेतून तयार झालेला हा ढग तास-अर्ध्या तासात रिकामा होतो आणि पुढचा केव्हा येईल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. आपल्या भारी काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिले पाणी गिळून टाकतात. वरून रान भिजलेले दिसते, वीतभर उकरले की खाली कोरडी ढेकळे निघतात. त्यातच या दिवसांत उघड्या पात्रातील पाण्याचे बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे वरच्या थरातील ओल काही दिवसांतच उडून जाते. सोयाबीनचे बी नाजूक असते. ते या ओलीवर फुगते, कोंब काढते आणि मुळाला खाली ओल न मिळाल्याने जागच्या जागी मरते. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा खिशातून, तीही बहुधा उसनवारीच्या पैशांनी.

म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, ओल खोलवर गेल्याची कुदळीने खात्री करून, वाफसा आल्यावरच (चिखल ओसरून माती भुसभुशीत, पण ओली राहिल्यावर) पेरणीची तिफण धरावी. पावसाचा आकडा शेजाऱ्याकडून घेऊ नये. आपल्या महसूल मंडळातील केंद्राची नोंद पाहावी. या आठवड्यात करायचे काम वेगळेच आहे. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ७० दाणे उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण किती वाढवायचे किंवा बियाणे बदलायचे, हे सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून ठरवावे.

दुकानदाराच्या घाईचे कारण हवामानात नाही. टंचाईची भीती घालून बियाणे खपवायचे आणि सोबत नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी गळ्यात मारायची, हे ‘लिंकिंग’ दर हंगामात चालते. तसा आग्रह झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. पावती, पिशवीवरील खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे जपून ठेवावे. आणि ज्यांना पाण्याची सोय आहे म्हणून मे महिन्यातच कापूस लावायचा मोह होतो, त्यांनी लक्षात घ्यावे की लवकर लागणारी पाती-फुले ही गुलाबी बोंडअळीला दिलेले आयते आमंत्रण असते.

वर्गणी भरल्यास जून ते सप्टेंबरचा तालुकानिहाय पाऊस तारखांसह सांगणारा एक गट आहे. भरावी का? (वाचक, माजलगाव)

वर्गणी वाचवावी. पाचेक दिवसांपलीकडे अंदाजाची खात्री झपाट्याने कमी होते. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा जो विस्तारित अंदाज देतो, त्यातही सरासरीहून अधिक की कमी एवढाच कल असतो. चार महिने आधी तालुक्याची तारीख सांगणारा माणूस हवामान सांगत नसून तारखा विकत असतो. ‘मेघदूत’ ॲपवर पुढील पाच दिवसांचा अंदाज आणि पीकसल्ला विनामूल्य मिळतो.

‘दामिनी’ ॲपने विजेचा इशारा दिला तेव्हा डोक्यावर आभाळ निरभ्र होते. ॲप खोटे आहे का? (वाचक, कळमनुरी)

नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले हे ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिघातील विजांची सूचना देते, आणि वीज ढगापासून दहा किलोमीटर दूरही पडू शकते. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. ‘एवढे तास (औताची फेरी) संपवून येतो’ म्हणून वखर चालवत राहणे आणि सर आली की झाडाखाली उभे राहणे, या दोनच सवयी सोडल्या तरी पुष्कळ जीव वाचतील. जनावरेही झाडाखाली बांधू नयेत.

वडील सत्तरीचे आहेत. दुपारी शेतातून आले की डोके दुखते, मळमळते. झोपल्यावर बरे वाटते. आठवडाभर वाट पाहू का? (वाचक, परंडा)

मी डॉक्टर नाही, आणि या प्रश्नाला आठवडाभर थांबवणे मला मान्य नाही. त्यांना आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, आणि दुपारी बारा ते चार शेतातील काम बंद ठेवावे. ते असंबद्ध बोलू लागले, अंग तापून शुद्ध हरपली, तर क्षणभरही न थांबता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारावे, वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

केसर आंबा वाऱ्याने पडण्याआधी सगळा उतरवावा का? (वाचक, अंबाजोगाई)

पाड लागलेल्या (फळे झाडावरच पिकू लागलेल्या) झाडांचा उतरवावा, देठासह आणि कोरड्या हवेत. कोवळा माल व्यापाऱ्याच्या घाईपायी काढू नये. पक्वतेविषयी शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दोन फळे नेऊन दाखवावीत.

कडबा अजून उघड्यावर आहे. मृगाआधी झाकला तर चालेल का? (वाचक, भोकर)

चालणार नाही, वळीव मृगाची वाट पाहत नाही. आजच झाकावा, आणि ताडपत्री वाऱ्याने उडणार नाही अशी बांधावी.