दोन दिवसांच्या ट्रेकला सॅकमध्ये नक्की काय काय घ्यावं?

पहिलाच मुक्कामी ट्रेक, तोही राजगड-तोरणा, आणि 'सॅक हलकी राहील असं मोजकंच सांगा' असं तुम्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम उत्तर देतेय. मोजकंच सांगायचं तर हेडटॉर्च. मोबाईलचा टॉर्च नाही, डोक्याला बांधायचा हेडटॉर्च, माणशी एक, आणि जादाचे सेल.

आम्ही डिसेंबरात पाच जण गेलो होतो, सोबत माझा आतेभाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो. निघायच्या आदल्या रात्री माझी सॅक उचलून बघितली आणि म्हणाला, "अगं मोबाईलला बॅटरी आहे की, कशाला ओझं वाढवतेस?" बाकीच्यांनी त्याचं ऐकलं, मी नाही ऐकलं. राजगडाच्या पद्मावती माचीवर मुक्काम केला, सकाळी बालेकिल्ला, मग पोहे, हे करता करता संजीवनी माचीवरून आळू दरवाज्यातून बाहेर पडायलाच साडेदहा वाजले. पुढे तोरण्यापर्यंत सगळी धार, म्हणजे डोंगराची अरुंद कड, सावली फार कमी, मधल्या खिंडीत डांबरी रस्ता लागतो तिथे ताकवाल्या मावशी मिळतील म्हणून दादाने दीडच लिटर पाणी घेतलेलं, मावशी त्या दिवशी आल्याच नव्हत्या. मग माझ्या तीन लिटरमधलं सगळ्यांना घोट घोट. पाय जड झाले, वेग पडला, आणि तोरण्याच्या बुधला माचीच्या खाली पोचलो तेव्हा काळोख.

तिथे लोखंडी शिडी आहे. शिडीला दोन्ही हात लागतात, म्हणून दादाने मोबाईल दातात धरला. चौथ्या-पाचव्या पायरीवर तो सुटला. उजेड गरगरत खाली गेला, कारवीच्या वाळक्या काड्या क्षणभर पांढऱ्या दिसल्या आणि मग काहीच नाही. दादा तसाच शिडीला चिकटून, हलेना, बोलेना. मी वर पोचले होते, पालथी पडून खाली उजेड धरला आणि एकेक पायरी सांगत त्याला वर घेतलं, मग बाकीच्यांना. मेंगाई देवीच्या देवळात टेकलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

घरी आल्यावर दादाने काय सांगितलं, तर "थोडा उशीर झाला". आणि अजूनही लग्नाकार्यात भेटला की 'ही घर पाठीवर घेऊन चढते' हेच चालू असतं. हेडटॉर्चचं वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असतं हो! ओझं त्याचं होत नाही, जीन्सच्या जादा जोडाचं आणि ब्लूटूथ स्पीकरचं होतं, आणि त्या दिवशी स्पीकर त्याच्याच सॅकमध्ये होता.

बाकी कॅरीमॅट, थंडीत स्लीपिंग बॅग, एक कोरडा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोन जोड सॉक्स, इलेक्ट्रालची पाकिटं, खजूर-चिक्की, शिट्टी. पाणी तीन लिटर, यात काटकसर नाही. टॉर्च सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी नको.

हे सगळं हिवाळ्याचं सांगितलं. पावसाळ्यात पहिल्यांदाच ही धार करू नका, धुक्यात वाट चुकते. गडावर मुक्कामाचे नियमही बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करा. आणि दादाचं एक म्हणणं मला मान्य आहे, दहा किलोच्या वर सॅक गेली की शिडीवर तोल मागे जातो. पण कमी करायचं तर स्पीकर काढा, टॉर्च नाही, ग्रुपमध्ये कोणी कितीही मोठा असो.