टीएसएच वाढला की लगेच गोळी वाढवायची का?

मी समुपदेशन करते. थायरॉइडवाले पेशंट माझ्याकडे तसे थायरॉइडसाठी येत नाहीत, येतात ते झोप नाही, चिडचिड, छातीत धडधड असं सांगत, आणि बोलता बोलता पर्समधून टीएसएचच्या (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते बघायची रक्ताची टेस्ट) रिपोर्टची गुंडाळी निघते. इथल्या, नागपुरातल्या मनीष नगरच्या एक ताई अशाच आल्या होत्या, शाळेत शिक्षिका, वय चाळिशीच्या आसपास (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). आल्या आल्या म्हणाल्या, "मॅडम, मी पागल होऊन राहिली का? कधी टीएसएच वर, कधी खाली, आणि घरचे म्हणतात तुझ्या डोक्यातच थायरॉइड आहे."

मी त्यांना म्हटलं, सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावू आणि प्रत्येकासमोर तेव्हा काय काय खाणं-पिणं, गोळ्या चालू होत्या ते लिहू. कंटाळवाणं काम आहे, पण खरी गोष्ट तिथेच सापडली.

पाच वर्षं त्यांना थायरॉइडच्या हार्मोनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी होती, रिपोर्ट व्यवस्थित. मग एकदम टीएसएच ७.८, म्हणजे वाढलेला. डॉक्टरांनी ७५ केली. ताईंनी बाराव्या दिवशीच परत रक्त दिलं, कारण घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या लॅबची ऑफर होती, आणि आला ६.९. त्यांना वाटलं गोळी लागूच नाही पडून राहिली, म्हणून कुणाला न विचारता घरातल्या जुन्या ५० च्या दोन-दोन घ्यायला लागल्या. काही आठवड्यांनी हात थरथर, रात्री तीनला जाग, धडधड. टेस्ट केली तर ०.२, म्हणजे फारच कमी. घाबरून गोळी बंदच केली! पुढचा रिपोर्ट ११ च्या वर, आणि त्या माझ्यासमोर.

मुळात टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवत नाही, ते मेंदूतली पिट्यूटरी बनवते. आई गच्चीवरून पोराला हाक मारते तसं समजा, पोरगं ऐकत नसेल तर आवाज चढतो, आलं की आवाज उतरतो. म्हणजे टीएसएच वाढला तर बहुतेक वेळा शरीरात थायरॉइडचं हार्मोन कमी पडतंय, "थायरॉइड वाढला" असं आपण म्हणतो ते उलटंच आहे. आणि हा आवाज लगेच उतरत नाही. गोळीतलं टी४ (हेच ते थायरॉइडचं हार्मोन) रक्तात निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये दिसायला ६ ते ८ आठवडे जातात. बाराव्या दिवशीचा ६.९ म्हणजे अर्ध्या वाटेवरचा आकडा, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पण पाच वर्षं नीट चाललेला डोस अचानक कमी कसा पडला? माझ्या कागदावर तेव्हाच्याच महिन्यात एक नोंद होती, अशक्तपणा म्हणून लोह आणि कॅल्शियम सुरू. मी विचारलं, कधी घेता? "सकाळीच, थायरॉइडच्या गोळीसोबत, चहासोबत, म्हणजे विसरायला नको." झालं! लोह आणि कॅल्शियम थायरॉइडची गोळी आतड्यातून नीट शोषूच देत नाहीत, मधे निदान ४ तास हवेत. चहा-कॉफीसुद्धा अर्धा ते एक तासाने. शिवाय मधल्या काळात केस गळतात म्हणून बायोटिनच्या (हे एक जीवनसत्त्व) गोळ्या चालू केल्या होत्या, आणि बायोटिनमुळे लॅबच्या काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो, त्यामुळे त्या ०.२ मधला किती खरा तेही सांगणं अवघड. धडधड मात्र खरी होती, जास्त डोसने ती होतेच, आणि तसंच बरेच दिवस चाललं तर हाडं ठिसूळ होणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं असे धोके असतात.

डोस ठरवणं माझं काम नाही, तो कागद घेऊन मी त्यांना परत त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ५० वरच आणलं, लोह आणि कॅल्शियम दुपारी-रात्री वाटून दिलं, टेस्टच्या काही दिवस आधी बायोटिन बंद, आणि पुढची टेस्ट दोन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी, त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. लॅब बदलली, वेळ बदलली की आकडा थोडाफार हलतोच, दिवसभरातही टीएसएच खालीवर होत असतो. ताईंची शाळा सातची, म्हणून पाचला उठून साध्या पाण्यासोबत गोळी घ्यायची आणि मग डबा करायला लागायचं असं बसवलं.

एक नागपूरची गोष्ट सांगायचीच आहे. ताईंची थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली कूलरच्या खिडकीत ठेवलेली होती, एप्रिल-मे मध्ये! आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, वरून कूलरची ओल, आणि ही गोळी उष्णता नि ओल दोन्हींनी खराब होते. आतल्या खोलीतल्या कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा.

माझ्याकडचं काम खरं तर टेस्टची सवय सोडवण्याचं होतं. मन बेचैन झालं की रक्त द्यायचं, आकडा बघून अजून बेचैन व्हायचं. आम्ही ठरवलं, त्रास जाणवला तर वहीत लिहायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा, लॅबला नाही. पहिले पंधरा दिवस त्यांना जड गेले, दोनदा लॅबचा नंबर लावून कापला म्हणे. दोन महिन्यांनी टीएसएच ३.४ आला, म्हणजे व्यवस्थित. वजन मात्र फारसं उतरलं नाही, त्यावर त्या नाराज होत्या, पण थायरॉइडमुळे चढलेलं वजन बहुधा दोन-पाच किलोच असतं, त्यातही बरंच पाणी, बाकीचा हिशोब वेगळा.

सहा-आठ आठवडे थांबा हे मी सगळ्यांनाच सांगत नाही. पाळी चुकली आणि दिवस राहिले असतील, तर गोळीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. छातीत दुखतंय किंवा ठोके चुकताहेत असं वाटलं तरी तसंच, आधी दवाखाना, टेस्ट नंतर.