रोडटेपचा परतावा कोटेशनमध्ये धरू नका

नाशिकमधल्या सातपूरच्या वर्कशॉपमधून जर्मनीला पहिलं कोटेशन जाणार आहे, रोडटेपचा (निर्यात मालावर आधीच लागलेले, दुसरीकडून परत न मिळणारे कर परत देणारी केंद्राची योजना) परतावा धरून भाव खाली आणू का, असं तुम्ही विचारलंय. अंबडला आम्ही याच प्रश्नात होरपळलोय, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत स्पष्ट आहे: धरू नका.

आयईसी (आयात-निर्यातदाराचा नोंदणी क्रमांक), एडी कोड (आपल्या बँकेचा कस्टमकडे नोंदवायचा कोड) झालंच असेल. आमचं नुकसान शिपिंग बिलात, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या कागदात झालं. रोडटेप आपोआप मिळत नाही. बिलातल्या प्रत्येक आयटमसमोर 'रोडटेपवाय' (परतावा हवा) किंवा 'रोडटेपएन' (नको) असा कोड टाकावा लागतो. कस्टम एजंटने सगळ्या आयटमना 'एन' टाकलं आणि माल न्हावा शेवा बंदरातून निघून गेल्यावर ते उघड झालं. कस्टम कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्ती मागता येते. पण एका कार्यालयाने (नाव घेत नाही) आधी "अर्ज द्या, होऊन जाईल" म्हणून आम्हाला निर्धास्त केलं, मग दर वेळी नवाच कागद मागितला. पैसे गेले ते गेलेच. त्यामुळे एजंट बिल भरण्याआधी चेकलिस्ट पाठवतो, ती ओके करण्यापूर्वी हा कोड आयटमनिहाय तपासा.

शिवाय रोडटेप रोख येत नाही. आइसगेटवर (कस्टमचं पोर्टल) स्क्रिप, म्हणजे शुल्क भरायला चालणारं डिजिटल क्रेडिट जमा होते, ती आयातीच्या मूळ सीमाशुल्कापोटी वापरायची. तुमची आयात नसेल तर विकावी लागते, आणि घेणारा दर्शनी किमतीपेक्षा कमीच देतो. ड्रॉबॅक (निर्यात मालातल्या कच्च्या मालावर भरलेल्या शुल्काचा परतावा) वेगळा, तो थेट बँकेत येतो. मी सीए नाही. दर बदलत राहतात, आपल्या एचएस कोडचा (मालाचा वर्गीकरण क्रमांक) आजचा दर डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) साइटवर बघा.

योजना बदलतातही. एमईआयएस ही आधीची निर्यात प्रोत्साहन योजना बंद होऊन 1 जानेवारी 2021 पासून रोडटेप आली. आपल्या लासलगावच्या कांद्याचं बघा: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली तरी शुल्क होतंच; ते पूर्ण निघालं 1 एप्रिल 2025 ला. एवढा काळ परदेशातला ग्राहक का थांबेल? निर्यातदाराला स्थिर धोरण हवं, हे आपल्या भागाइतकं कुणाला ठाऊक असणार!

सरकारी पाठबळ खरं कामाला येतं ते जोखमीत. उधारीवर माल देणार असाल तर आधी ईसीजीसीकडून (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) त्या ग्राहकाची उधारीची मर्यादा मंजूर करून घ्या. प्रीमियम मात्र भावात जरूर धरा.