पैठणीला डाग पडलाय, काकांकडे पैसे मागू का?

प्रश्न: ताई, आईची पैठणी, 2014 ला येवल्याहून 16 हजाराला घेतलेली, ड्रायक्लीनला टाकली होती. परत आली तर पदरावरच्या मोरांवर वीतभर लाल डाग. दुकानवाले काका म्हणतात चुकून दुसऱ्या लॉटमध्ये गेली, मुद्दाम नाही केलं. पावतीच्या मागे छापलंय की नुकसान झालं तर धुलाईच्या दहापटच देणार, म्हणजे 350 चे साडेतीन हजार. वीस वर्षांची ओळख आहे, आई म्हणते जाऊ दे. मला पटत नाहीये. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: जाऊ दे हे प्रत्येक आई म्हणते, त्यामुळे ते मत जरा बाजूला ठेवू. काकांनी मुद्दाम केलं नसणार हेही खरंच, पण मुद्दा तो नाहीये. आपण वस्तू विश्वासाने कुणाच्या ताब्यात दिली की त्याने ती स्वतःच्या वस्तूसारखी सांभाळायची असं 1872 च्या करार कायद्यात कलम 151 मध्ये आहे, आणि एवढं सांभाळूनही नुकसान झालं तर तो सुटतो हे लगेच पुढच्या 152 मध्ये. म्हणजे साडीचाच कच्चा रंग सुटला असता तर तुमची बाजू लंगडी होती, पण इथे सिल्क भलत्याच लॉटमध्ये गेलं आणि हे काका स्वतःच बोललेत. तेवढं व्हॉट्सॲपवर येऊ द्या, भांडून नाही, 'काका तुम्ही म्हणालात ना दुसऱ्या लॉटमध्ये गेली, मग आता कसं करायचं' एवढंच.

दहापटीच्या अटीवर तुमची सही नसेल, कुणी वाचूनही दाखवली नसेल, तर त्या बारीक अक्षरांना लगेच घाबरू नका, ग्राहक आयोगापुढे त्यावर भांडता येतं. पण पूर्ण 16 हजार मिळतील हे डोक्यातून काढा. साडी जुनी आहे, नेसलेली आहे, आणि मूळ बिल सापडतंय का ते आधी बघा. डाग निघतो का हे पैठणीचं काम करणाऱ्याला दाखवा, खर्च किंवा 'निघणार नाही' असं त्याच्याकडून लिहून घ्या. घरी लिंबू-सोडा अजिबात नको, मी एका शालूवर हा प्रयोग केलाय, त्याची सोनेरी जर काळी पडली आणि तक्रार करायला तोंडच उरलं नाही.

मी तुमच्या जागी असते तर दुरुस्तीचा खर्च आणि वर काही मिळून 8 हजार मागितले असते, पाच-सहावर मिटलं तर घेतले असते. फोनच उचलला नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पण तारखा पडतात, लोकलने हेलपाटे होतात, एवढ्या रकमेसाठी ती तयारी आहे का हे तुमचं तुम्ही ठरवा. त्या 350 च्या पावतीवरच तुम्ही ग्राहक ठरता, ती जपा.

आणि 'द्या इकडे, परत धुवून देतो' म्हणाले तर साडी तशीच ठेवून येऊ नका, दिवसाउजेडी फोटो काढा आणि डागाचा उल्लेख असलेली नवी पावती घ्या.