बेडरूममध्ये वायफाय सारखं तुटतं, रिपीटर घेऊ का?

तुमची अडचण थोडक्यात अशी: कांदिवलीत नव्या टॉवरमध्ये टू बीएचके, १०० एमबीपीएसचा प्लॅन, राउटर दाराजवळ. हॉलमध्ये नेट पळतं आणि बेडरूममध्ये मीटिंग सुरू झाली की गोल फिरत बसतं. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे.

रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, एवढ्यात नका घेऊ. आधी नेटवाला खरं बोलतोय का ते तपासा. (कधीकधी बोलतात.)

लॅपटॉप घेऊन बेडरूममध्येच बसा आणि कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (ping -t आणि पुढे पत्ता), म्हणजे त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजत राहा. तो पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या तळाच्या स्टिकरवर बघा. दुसरीत ८.८.८.८ ला लावा, तो बाहेरचा, गूगलचा सर्व्हर. दहा मिनिटं चालू द्या, मधे एखादा व्हिडिओ कॉल करा. राउटर पाच-दहा मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि फक्त बाहेरचं अडकतंय, तर दोष लाइनचा. स्क्रीनशॉट काढून नेटवाल्याला पाठवा. पण राउटरच उत्तराला दोनशे-तीनशे मिलिसेकंद लावत असेल, मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर दुखणं घरातलं आहे. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, सरळ तक्रार नोंदवा.

मी स्वतः ही चाचणी न करता पंधरा दिवस कॉल सेंटरशी भांडलो आहे. लालबागच्या आमच्या जुन्या इमारतीत वायर पॅसेजमधून आत आली, म्हणून माणसाने राउटर तिथेच, बाथरूमवरच्या माळ्याला खिळा ठोकून टांगला. पलीकडे पाण्याची टाकी, तिच्या पलीकडे माझी खोली. रोज सकाळी साडेनऊच्या मीटिंगला माझा आवाज तुटायचा आणि संध्याकाळी सगळं सुरळीत. मी म्हणायचो, सकाळी लोड असतो. शेवटी आई म्हणाली, “अरे, पाणी भरलं की तुझं नेट जातं बघ.” मी हसलो. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी असताना आणि भरल्यावर असं दोनदा पिंग लावून बघितलं, आणि हसू गेलं. पाणी या लहरी चांगल्याच शोषतं, आणि तीनशे लिटर पाणी म्हणजे भिंतच. राउटर उचलून हॉलच्या दारावर आणला, प्रश्न संपला. आईने ही गोष्ट सगळ्या चाळीला सांगितली.

तुमच्याकडे टाकी नसेल, पण भिंती बघा. हल्लीचे बरेच टॉवर अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओततात. बिल्डर त्याला मायवान म्हणतात. त्यात आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, सळ्या घातलेलं काँक्रीट असतं. कॅलेंडरचा खिळा वाकतो आणि ड्रिलवाल्याला बोलवावं लागतं ना, तीच भिंत. वायफाय सहसा दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. अशा दोन भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल जवळजवळ पोचतच नाही. २.४ थोडा जास्त आत शिरतो. वाटेत आरशाचं लोखंडी कपाट असेल तर तेही सरकवून बघा.

मग २.४ वरच राहावं, तर तिथे शेजारी आहेत. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप टाका. माझ्या खोलीतून तेवीस नेटवर्क दिसतात, त्यातलं एक ‘पासवर्ड मागू नये’ नावाचं. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल (पट्टीतली आपली जागा) १, ६ किंवा ११ यांतलाच ठेवा, जिथे गर्दी कमी तो. रुंदी २० मेगाहर्ट्‌झ. ३ किंवा ४ मोकळा दिसतो म्हणून तिकडे जाऊ नका. चॅनल एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्‌झवर असतात आणि सिग्नल २० रुंद, त्यामुळे ३ वर १ चाही गोंगाट येतो आणि ६ चाही. एकाच चॅनलवरचे राउटर निदान नळावरच्या रांगेसारखे पाळीपाळीने बोलतात. अर्धवट अंगावर येणारे रांग मानत नाहीत. मायक्रोवेव्हही २.४ मध्येच गोंधळ घालतो, पण तो दोन मिनिटांचा पाहुणा.

आता रिपीटर. साधा, स्वस्त रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय सिग्नल मेलेल्या बेडरूममध्येच तो लावला तर मेलेलाच सिग्नल पुढे ढकलणार. त्यापेक्षा हॉलपासून बेडरूमपर्यंत कॅट ६ केबल (नेटची वायर) टाका. स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत बसते, किंवा एसीच्या पाइपाचं भोक कामी येतं. दुसऱ्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर लावा. त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, ते पहिला राउटर करतोच, पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्या आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घाला, वॅनमध्ये नाही. इथेच सगळे चुकतात. नाव-पासवर्ड तेच ठेवा, चॅनल वेगळा.

केबल दिसते म्हणून घरात कुरकुर होईल. आमच्याकडेही झाली, महिनाभर. भाड्याचं घर असेल आणि पट्टी ठोकता येत नसेल तर तसं लिहा, मग मेशचा, म्हणजे वायरीशिवाय एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन डब्यांचा, विचार करू. पण आधी पिंगचे आकडे टाका, सकाळचे आणि रात्री दहानंतरचे वेगळे.