ब्रूडरमधील (पिल्लांना ऊब देण्याच्या जागेतील) कोंबडीची पिल्ले रात्री का दगावतात?

प्रश्न : परभणीजवळच्या आमच्या शेतावर एक दिवसाची शंभर पिल्ले आणली आहेत. थंडीत रात्री ती बल्बखाली एकमेकांवर चढतात आणि सकाळी काही मेलेली आढळतात. काय करावे?

उत्तर : पिल्लांना ऊब कमी पडते आहे, म्हणून ती दाटी करतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे व पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी उतरवावे. मात्र तापमापीपेक्षा पिल्लांच्या वागण्यावर माझा अधिक विश्वास आहे, कारण ती सर्वत्र सारखी पसरली तर ऊब योग्य असते आणि कडेला जाऊन धापा टाकू लागली तर बल्ब वर घ्यावा लागतो. पिल्लांभोवतीचा आडोसा गोलच असावा. कोपऱ्यात पिल्ले चेंगरतात. वीज गेल्यास शेगडी वापरताना धूर कोंडू देऊ नये.