देखावा पश्चिमेला, पाऊसही पश्चिमेलाच

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला घराचा नकाशा आणि जागेचे फोटो पाहिले. मेढ्याच्या रस्त्याची जागा, समोर कण्हेर धरणाचं पाणी, त्यापलीकडं जावळीचे डोंगर. मालकांना हॉलला जमिनीपासून छतापर्यंत काच हवी, यात नवल नाही. जमिनीच्या भावात त्यांनी त्या देखाव्याचेही पैसे मोजलेत. पण तू तो हट्ट जसाच्या तसा नकाशावर उतरवलास, म्हणून हे पत्र.

साताऱ्याच्या या अंगाला एक पेच कायमचा आहे. डोंगर पश्चिमेला, उन्हाळ्यातलं संध्याकाळचं ऊन पश्चिमेचं आणि जून लागला की झड मारणारा पाऊसही तिकडूनच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. तेव्हा देखावा आत घ्यायचा आणि त्याच वाटेनं येणारे बाकीचे दोघे बाहेर ठेवायचे, हे तुझं खरं काम. काच हे त्याचं उत्तर नाही. कासच्या रस्त्याला काचेचे बंगले बघ एकदा दुपारी चारला. बहुतेकांचे पडदे ओढलेले असतात, आणि आत एसी चालू. रात्री तर त्याच काचेत स्वतःचा सोफा दिसतो, डोंगर नाही.

आता थोडा हिशेब कर. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ७२ वर. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीला लगेच वर दोन फुटांचा छज्जा दिलास, तर विषुवदिनी भर दुपारी तो सहा फूट सावली पाडतो आणि डिसेंबरात सव्वादोन फूटच. हिवाळ्यातलं ऊन आत येतं, जे आपल्याला हवंच असतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो, तेव्हा दक्षिणेची भिंत त्या वेळी आपोआप सावलीत. दक्षिण सोपी आहे. आपली पोरं उगाच तिला घाबरतात.

पश्चिमेचं तसं नाही. मेच्या मध्याला संध्याकाळी पाचला सूर्य जेमतेम २६ अंशांवर उतरलेला असतो, आणि नेमका तुझ्या हॉलसमोर, पश्चिमेच्या जरा उत्तरेला. सात फुटी काच त्या वेळी सावलीत ठेवायची तर चौदा फूट छज्जा लागेल. चौदा फुटांचा छज्जा कुणी काढत नाही. पण दहा-बारा फुटांची पडवी काढता येते. जुन्या घरांत ती होतीच. हॉल मागं सरकव, पुढं खोल पडवी दे, कौलाचा उतार खाली आण, इतका की पाघोळी, म्हणजे छपराची खालची कड, उभ्या माणसाच्या डोक्याच्या थोडीच वर राहील. वरचं पांढरंफटक आभाळ त्यानं कापलं जातं आणि नजर आपोआप पाण्यावर उतरते. उरलेल्या तिरप्या उन्हाला बांबूच्या तट्ट्या सोडता येतील. पावसाळ्यात त्याच खाली बांधायच्या. महाबळेश्वर-पाचगणीकडं गवताच्या झडी, म्हणजे पावसाळ्यापुरते आडोसे, बांधायची रीत याच पोटी आली. मालक म्हणतील, जुनाट दिसतं. म्हणू देत. पहिल्या जुलैत त्यांचा विचार बदलेल.

दुसरं, तू सगळीकडून सगळं दाखवलंयस. दारातून दिसतं, जिन्यातून दिसतं, बाथरूममधूनही दिसतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहून ये, वाईपासून अगदी जवळ आहे. कृष्णा शेजारून वाहते, पण वाड्यातला माणूस दिवसभर चौकाकडं तोंड करून राहतो; नदीसाठी घाट वेगळा, तिथं चालत जायचं. (घाटावरची मोठी घंटाही बघ, वसईहून आणलेली पोर्तुगीजांची आहे.) मी तुला वाडा बांधायला सांगत नाही. पण तुझ्या घरात शिरल्यावर आधी एक लहानसा, थोडा अंधारा सोपा (ओसरीसारखी पुढची खोली) येऊ दे, मग वळण, आणि मग पडवी. स्वयंपाकघराला सकाळचं पूर्वेचं ऊन आणि ओट्यासमोर एक आडवी खिडकी पुरे. तिथं उभं राहणाऱ्या बाईला कुणी देखाव्याचं विचारलंच नाही, हे तुझ्या नकाशात दिसतं बरं का.

कठड्याची उंची तू साडेतीन फूट धरलीस. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास असतो. म्हणजे दरीकडं बघताना मधे तुझा स्टीलचा पाईप. त्यापेक्षा पडवीचं जोतं उताराबरोबर खाली उतरव, म्हणजे बाहेरची जमीन दीड फुटावरच येईल. मग कठडा हवाच कशाला? बसायला दोन फूट रुंद दगडी कट्टा कर.

उताराशी भांडू नकोस. जेसीबीवाला एका दिवसात सपाट करून देतो, आणि पुढं भर घातलेला मुरूम दोन पावसाळे खचत राहतो. शिवाय आपल्या कातळात थरांच्या मधे मऊ पट्टे असतात; डोंगर कापला की पावसाळ्यात तिथून पाझर फुटतात, तेही नेमके मागच्या बेडरूमच्या भिंतीशी. अर्ध्या मीटरच्या अंतरानं कंटूर सर्व्हे (उताराच्या उंचीची मोजणी) करून घे, घर दोन-तीन टप्प्यांत बसव, मागून चर काढून पाणी बाजूनं ने. दगडी ताल (माती अडवणारा बांध) रचलीस तर पाण्याला वाट ठेव. तो आंबा मोजणीत दाखवलाय, पण नकाशात नाही. तो गेला कुठं?

वास्तूच्या बाबतीत मालकांशी वाद नको. नैऋत्येला मोठी बेडरूम हवी म्हणतात ना, दे. पश्चिमेच्या भिंतीला पूर्ण लांबीची कपाटं लाव, भिंत जाड घे, खिडकी दक्षिणेला काढ. ऊनही अडलं, शास्त्रही राहिलं.

तू म्हणालीस, हाच नकाशा थोडा बदलून दहिवडीच्या कामालाही चालेल. नाही चालणार. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दहिवडीच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, जिल्हा एकच. तिकडं उतरतं कौल कशाला? तिकडं धाबं (सपाट छप्पर), चौक आणि रात्री गच्चीवर झोपायची सोय लागते. आणि सांगलीचं ते कृष्णाकाठचं काम हातात आलंच, तर देखाव्याआधी शेजाऱ्यांना विचार, २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. खुणा भिंतींवर असतात. तिथं जोत्याची उंची हाच पहिला प्रश्न, आणि खालची काळी जमीन ओली-सुकी होताना फुगते-आकसते, हा दुसरा.

आता प्लॅन बाजूला ठेव. उताराच्या दिशेनं एक सेक्शन, म्हणजे उभा छेद काढ, एकास पन्नास प्रमाणात, त्यात बसलेला माणूस, उभा माणूस, पाचचं ऊन आणि झडीची तिरपी रेघ दाखव. थ्रीडी नको. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जागेवर जा आणि पाणी कुठून वाहतं त्याचा व्हिडिओ काढ. मालकांनाही बरोबर ने, जमलं तर मीही येतो.

तुझा,
सर